चुकीच्या बाजूची दोरी

दोर वळणारा माणूस जन्मभर उलटा चालतो. कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळायचा, त्याचं बोटभर टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि बायकोनं चाक फिरवायला घेतलं की तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत बोटांतून वाख सोडायचा. पीळ बसत जातो, पेड लांब होत जातो, आणि माणूस बारीक होत जातो. आमच्या घरामागे नदीपर्यंत गेलेली दोनशे पावलांची सरळ पट्टी आहे. तिला आम्ही पट्टा म्हणतो. गावातली माणसं आमच्या यांना उलटेबुवा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हेही हसून ओ देतात.

बत्तीस वर्षं मी चाक फिरवलं. कुठल्या बाईच्या नशिबात नवऱ्याचं तोंड दिवसभर असं समोर असतं, सांगा बरं! आणि तेही सारखं लांब लांब जाणारं. थंडीत तर तेवढंही नाही. नदीवरून धुकं चढतं, पट्ट्यावर पसरतं, आणि तिसाव्या पावलाला हे त्यात बुडून जातात. समोर नुसतं पांढरं. वाखाची कुसं त्यात तरंगत असतात. चाकाचा कुरकुर आवाज, माझा हात गोल फिरतोय, आणि त्या पांढऱ्यातून एक पेड निघून माझ्यापाशी आलाय एवढंच दिसतं. डोळा लागायचा माझा कधी कधी. पण हात फिरत राहायचा, कारण पलीकडून ताण असायचा. ताण आहे म्हणजे नवरा आहे.

त्या दिवशी सकाळी तो ताण गेला.

एकदम नाही गेला. आधी पेड जरा ढिला पडला. मी ओरडले, "अहो, ओढून धरा की! सकाळी सकाळी झोपलात काय?" मग पेड जमिनीवर पडला, वळवळला आणि सगळा पीळ उलगडून गेला. मी चाक सोडून धुक्यात धावले. हे पट्ट्यावर बसले होते. तोंड वाकडं, ओठाच्या कडेनं लाळ. मला वाटलं, चेष्टा करतायत. खरंच सांगते, मला हसू आलं. म्हटलं, "उठा आता, पुरे झाली नाटकं." ते उठायला गेले आणि उजव्या अंगावर कलंडले.

बाजूला नावाडी राहतो, त्याला हाक मारून यांना घरात आणलं. अंगावरून वारं गेलंय, नावाडी म्हणाला. मग काय, मी तेल गरम केलं. हात चोळला, पाय चोळला, पांघरुणं घातली. थोडी झोप झाली की बरं वाटेल म्हटलं. दुपार झाली, ऊन उतरलं, तेव्हा नावाड्याची बायको आली आणि माझ्यावर ओरडली, "अगं बाई, दवाखान्यात न्यायचं सोडून तेल काय चोळत बसलीस!" मग होडी, मग जीप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कधी झालं?" मी सांगितलं, सकाळी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर वेळ लिहून घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरं त्यांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या घेतात का? घ्यायचे. दोन महिने घेतल्या, मग म्हणाले, मला तर अगदी बरं वाटतंय, बऱ्या माणसानं गोळी कशाला खायची? मीही म्हटलं, खरंच की. दोघंही शहाणे!

दहा दिवसांनी यांना घरी आणलं. उजवा हात नुसता लोंबता, उजवा पाय जागेवर पण कामाचा नाही, आणि बोलणं म्हणाल तर एकच शब्द शिल्लक राहिला होता. "उद्या." पाणी हवं असलं तरी उद्या, माशी बसली तरी उद्या, राग आला तरी उद्याच, फक्त मोठ्यानं. डोक्यात सगळं ठीक आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शब्दाची वाट तेवढी बुजलीय. यांचे डोळे बघून मलाही ते पटायचं.

आमची एकुलती लेक शहरात शिवणकाम करते. ती आली होती दवाखान्यात. घरी आल्यावर तिनं खोलीत एक फेरी मारली, उंबरा पाहिला, मागचा संडास किती लांब आहे ते पाहिलं, आणि मला अंगणात बोलावून म्हणाली, "आई, हे तुला एकटीला झेपायचं नाही. मी जागा करते, तुम्ही दोघं माझ्याकडे या."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"उचलून नेऊ. एकदा वर नेलं की खाली उतरायची गरज काय?"

मी पट्ट्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "बरं, धुक्याचे दिवस संपेपर्यंत थांबते. तीन महिने. तोवर बाबा स्वतःचे स्वतः उठून संडासला जाऊन यायला लागले तर राहा इथं. नाही तर मी येऊन घेऊन जाणार, आणि मग माझं ऐकायचं. पट्टा नावाड्याला देऊन टाकू. त्याला होड्या ओढून ठेवायला जागा हवीच आहे."

हे सगळं आम्ही खिडकीखाली उभं राहून बोललो. खिडकीच्या आत यांची खाट. कानांना काही झालेलं नव्हतं त्यांच्या.

लेक गेली आणि मी पदर खोचला. तीन महिन्यांत माणूस उभा करायचा! तर मी काय केलं असेल? सगळं मीच केलं. घास भरवला. तोंड पुसलं. सदरा घातला, काढला. कूस बदलली. भांडं दिलं, भांडं काढलं. ते "उ" म्हणायच्या आत पाणी, "द्या" म्हणायच्या आत उशी. रात्री हे झोपले की माझा हात सारखा तेल चोळायचा, त्या दिवशी दवाखान्याला उशीर केला होता ना, तो भरून काढत होते मी. गावातल्या बायका म्हणायच्या, सेवा करावी तर हिच्यासारखी. मला बरं वाटायचं.

आणि हे दिवसेंदिवस खाटेत मुरत चालले. दुपारी उन्हाचा एक पट्टा दारातून आत यायचा, खाटेवर चढायचा, यांच्या पायावरून छातीवर जायचा, मग भिंतीवर. हे त्याच्याकडे बघत पडायचे. मी शेजारी बसून बारीक दोऱ्या वळायची, मांडीवर, एकटीला जमतात तेवढ्या. घर अगदी शांत. कधी वाटायचं, आपण दोघं नदीच्या तळाशी बसलोय आणि वरून होड्या जातायत. वाईट नव्हतं ते, खोटं कशाला बोलू? तसंच राहावं असंही वाटायचं.

दर मंगळवारी सरकारी दवाखान्यातून व्यायामाच्या बाई यायच्या. वय पंचविशीचं, पण आवाज हवालदाराचा. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी यांना भरवत होते. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, काकांचा डावा हात कुठे गेला?"

"आहे की."

"मग तो जेवत का नाही?"

"सांडतात हो ते."

"सांडू दे. झाडू नाही का घरात?"

मला असा राग आला! कालची पोर, आणि मला शिकवणार. मी म्हटलं, "बाई, बत्तीस वर्षं सांभाळलंय मी यांना." त्या खाटेशी बसल्या आणि माझ्याशी न बोलता यांच्याशी बोलायला लागल्या. "काका, तुम्हाला काय स्वतः करायचंय? एकच सांगा. बोलता येत नसेल तर दाखवा." हे बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलून दाराकडे बोट केलं.

"बाहेर?"

मान हलली नाही. बोट तसंच.

"संडास?" मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. बोट दारातून पार पलीकडे होतं, पट्ट्याकडे.

"अच्छा," बाई म्हणाल्या, "कामावर जायचंय. बरं. मग आधी कुशीवर वळायचं शिकू."

असं सुरू झालं. कुशीवर वळणं. मग डाव्या कोपरावर भार देऊन बसणं. खाटेच्या कडेला पाय टेकवून, नाक गुडघ्यांच्या पुढे नेऊन उभं राहणं. सदरा घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. घास लहान, हनुवटी खाली, उजव्या गालात काही अडकलं तर जिभेनं शोधायचं. बाई आठवड्यातून एकदा यायच्या, उरलेले सहा दिवस यांनी स्वतः करायचं आणि मी बघायचं. बघायचं! त्यापेक्षा मला विहीर खणायला सांगितली असती तर परवडलं असतं. एक बटण लावायला यांना पाव तास लागायचा. बटण काजापाशी यायचं, निसटायचं. पुन्हा यायचं, निसटायचं. माझी बोटं शिवशिवायची.

तिसऱ्या आठवड्यात ताट उडालं. हे डाव्या हातानं जेवत होते, भात अंगावर सांडत होता. मला राहवलं नाही, मी पुढे होऊन त्यांच्या हातातून घास घेतला आणि तोंडाशी नेला. यांनी ताट भिरकावलं. ते दारावर आपटून अंगणात गेलं, कोंबड्या धावल्या. "उद्या!" हे ओरडले, "उद्या! उद्या!" आणि रडायला लागले. या आजारात रडू लवकर येतं, बाईंनी सांगितलं होतं. पण हे ते रडू नव्हतं, एवढं मला कळतं.

मी ताट उचलून आणलं, घासलं, आणि मोरीत बसून मीही रडून घेतलं. मंगळवारी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचेच हात बांधून ठेवायला हवेत."

म्हटलं, दोरवाल्याची बायको मी, मला दोरीचा काय तोटा! दुसऱ्या दिवसापासून यांनी जेवायला सुरुवात केली की मी माझं एक मनगट सरकत्या गाठीनं खिडकीच्या गजाला बांधायची आणि बसायची. ओढलं तर सुटणारी गाठ, पण ओढेपर्यंत भान येतं. पहिल्या दिवशी हे बघत राहिले. मग वाकड्या तोंडानं हसले, आजारानंतर पहिल्यांदा. आणि गाठीकडे बोट करून मान हलवली. गाठ चुकीची बसली होती. दावं आवळायची गाठ घातली होती मी, सोडवता सोडवता नाकी नऊ आले.

तेव्हापासून गोळ्यांचंही त्यांनी स्वतःकडे घेतलं. उशाशी एक सुतळी टांगली. सकाळी उठून बसले की गोळी घ्यायची आणि डाव्या हातानं आणि दातांनी सुतळीला एक गाठ मारायची. मी विचारलं, घेतली का, की सुतळी दाखवायचे. दवाखान्यानं तंबाखू बंद केली होती म्हणून डबी मी लपवून ठेवली होती, ती शोधून काढली, आणि मला वाटलं, झालं, गेलं सगळं मुसळ केरात. तर त्यांनी ती उघडी करून खिडकीबाहेर उपडी केली. मी तोंडात पदर धरून बघत राहिले.

दोन महिने होत आले. आता हे खाटेवरून उठून, माझ्या खांद्यावर हात ठेवून अंगणापर्यंत यायचे. पण माझा खांदा लागायचाच. लेकीनं स्वतःचं स्वतः म्हटलं होतं. काठी दिली तर तिच्यावर सगळा भार टाकायचे आणि काठी मातीत रुतायची. मग मला सुचलं. आपल्या घरात दुसरं काय आहे? दोर आहे!

एका दुपारी मी खाटेपासून मागच्या दारापर्यंत, दारातून अंगणात, संडासावरून पुढे पट्ट्याच्या चाकापर्यंत खांब ठोकले आणि कमरेच्या उंचीवर जाड तिपेडी दोर ताणून बांधला. नावाड्यानं पहार चालवली, दोर मीच ओढला. हाताला फोड आले. नीट विचार करून बांधला हो. कुठली बाजू लुळी? उजवी. मग आधार कुठल्या बाजूला हवा? उजव्या! घरातून बाहेर निघालं की दोर उजव्या हाताला येईल असा बांधला, आणि बाईंची वाट बघत बसले, की आता ही पोर मला शाबासकी देणार.

बाई आल्या, दोर पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "मावशी! तो हात मुठीत धरतच नाही. दोर काय खांद्यानं धरणार?"

मी उभीच राहिले. अशी वेंधळी मी! नावाडी हसायला लागला. खांब उपटायला पुन्हा पहार आणावी लागेल म्हणून कुरकुरायला लागला. आमचं तिघांचं असं चाललं होतं, खांब कुठे हलवायचे, दार अरुंद आहे, दुसरीकडे मोरी आड येते, आणि कुणाचंच यांच्याकडे लक्ष नव्हतं.

हे डाव्या हातानं भिंत धरत दारात आले होते. चौकट धरून उभे. मग त्यांनी हळूहळू, चौकटीला पाठ घासत, स्वतःला फिरवलं. आमच्याकडे पाठ. घराकडे तोंड. आता दोर त्यांच्या डावीकडे आला. डाव्या हातानं त्यांनी तो धरला, दोन वेळा ओढून बघितला, जसा ते गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बघायचे. आणि उजवा पाय मागे टाकला.

मागे. मग डावा मागे. मग उजवा, फरफटत, पण मागे.

"काका, थांबा!" बाई ओरडल्या आणि धावल्या. मी बाईंचा हात धरला. तोपर्यंत हे उंबऱ्याबाहेर आले होते. पुढे चालताना त्यांचा उजवा पाय अडखळायचा, बोटं जमिनीला घासायची. मागे जाताना तोच पाय आधी मागे जाऊन टाच शोधायचा आणि टेकायचा. बत्तीस वर्षांची सवय त्या पायाला, त्याला कोण विसरायला लावणार? सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, म्हणतात ना. चार खांब गेले. पाचव्यापाशी ते थांबले, घामेघूम. मग कुठेही वळावं लागलं नाही, तोंड घराकडेच होतं, दोर डाव्या हातातच होता. तसेच पुढे चालत घरात परत आले.

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं." मग हवालदार परत आला. "पण मागे बघणारं कुणीतरी हवं. वाटेत एक खडा दिसला तर माझ्याशी गाठ आहे. आणि पडलात तर काय करायचं, तेही आज शिकायचं." आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी यांना पडायला शिकवलं. सतरंजीवर बसवायचं आणि सांगायचं, उठा. डाव्या कुशीवर या. कोपर. गुडघा. जवळचा आधार शोधा. उतावीळपणा नको, पडलेल्या माणसाला घाई कसली?

मग तो एक महिना. तो मला अजून डोळ्यांपुढे नीट उभा करता येत नाही, सगळा धुक्यात आहे. सकाळी मी पट्ट्यावर चाकाशी बसायची आणि घराच्या दारातून हे पाठमोरे निघायचे. धुक्यात आधी फक्त पाठ दिसायची. मग पाठ मोठी व्हायची. तेव्हा मला कळलं की जन्मभर मी या माणसाला लांब जातानाच बघत आले, तो असा जवळ येताना कधी बघितलाच नव्हता. पाठीवर सदऱ्याची घडी चुकलेली, मानेवरचे केस वाढलेले. काही दिवशी धुकं इतकं असायचं की काहीच दिसायचं नाही. मग मी दोरावर हात ठेवायची. दोर हलायचा. एक ओढ, थांबणं, एक ओढ, थांबणं. बराच वेळ थांबला की माझा जीव वर यायचा. मग पुन्हा ओढ. मी स्वप्नात आहे असं वाटायचं आणि जागं व्हायची भीती वाटायची.

पट्ट्यावर पोचले की हे तिवईवर बसायचे. मी चाक फिरवायची, त्यांच्या डाव्या हातातून वाख सुटायचा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, त्याच्या मुठीत मी वाखाचा एक झुपका देऊन ठेवायची, धरायला शिकेल म्हणून. पेड व्हायचा हातभर, दोन हात. जाडबारीक, गाठाळ. पूर्वी असा दोर कुणी केला असता तर यांनी त्याला नदीत फेकलं असतं. दोराला नव्हे, त्या माणसाला. आता बसून तो हातभर पेड बोटांनी चाचपत राहायचे. शब्दही येऊ लागले, फुटकळ. "पाणी." "ऊन." एकदा कोंबडी पायात आली तर अशी स्वच्छ शिवी दिली की मी चाक थांबवून हसले.

सगळेच दिवस असे नव्हते. एक अख्खा आठवडा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि उठलेच नाहीत. गोळी घ्यायचे, गाठ मारायचे, पुन्हा भिंत. मी बोलले, रागावले, रडले. नावाडी येऊन गप्पा मारून गेला. बाई म्हणाल्या, मन खचणं हाही याच आजारातला भाग आहे, डॉक्टरांना सांगू, त्यालाही औषध आहे. सांगितलं. गोळी वाढली. आठव्या दिवशी सकाळी मला दोर हललेला दिसला.

धुकं विरळ व्हायला लागलं आणि एका सकाळी लेक आली.

ती होडीनं आली, म्हणजे नदीच्या बाजूनं, पट्ट्यावरून. मी चाकाशी होते. हे अंगणात, सातव्या खांबापाशी, पाठमोरे, आमच्याकडे येत होते. लेकीला माहीत नव्हतं ना, तिनं बापाला उभं बघितलं आणि लांबूनच किंचाळली, "बाबा!"

हे आवाजाकडे वळले. वळायचं नव्हतं. दोर हातातून सुटला आणि ते डाव्या अंगावर पडले. आवाज झाला, पोतं टाकल्यासारखा.

लेक धावली. मीही धावले, पण मी तिच्या आधी पोचले आणि वाकून यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे. डोकं आपटलं नव्हतं. "लागलं?" मी विचारलं. मान हलली, नाही. मी उठले, आणि मागून येणाऱ्या लेकीचं मनगट धरलं.

"आई! सोड!"

"थांब."

"ते पडलेत आई! तू काय बघत बसलीस?"

"हात लावू नकोस."

"वेड लागलंय का तुला?" ती माझ्या हाताला हिसडे देत होती. तरुण हात, पण मी बत्तीस वर्षं चाक फिरवलंय. मी सोडला नाही. खरं सांगू? माझं दुसरं मनगट मीच माझ्या पदरात गुंडाळून धरलं होतं, कारण तेही माझं ऐकत नव्हतं.

हे तसेच पडून राहिले. श्वास घेत. घाई केली नाही. मग डावं कोपर अंगाखाली घेतलं. त्यावर उठले, थरथरले, पुन्हा टेकले. लेक रडायला लागली. पुन्हा कोपर. बसले. बसून बुडावर सरकत सरकत, एकेक वीत, सातव्या खांबापाशी गेले. गालाला माती, नाकातून पाणी, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. खांबाला डावा हात घातला. गुडघा टेकला. एकदा ओढून घेतलं, नाही जमलं. खांब हलला. नावाड्यानं नीट ठोकला असेल ना? दुसऱ्यांदा. मग नाक गुडघ्यांच्या पुढे, आणि हळूहळू, वाकडे तिकडे, हे उभे राहिले. दोर धरला. आमच्याकडे बघितलं सुद्धा नाही. घराकडे तोंड करून संडासाकडे चालू लागले. निघाले होते तिकडेच, पण पाठमोरं चालता चालता संडास मागे टाकून पुढे आले होते.

संडासाचं दार लागलं. आम्ही दोघी अंगणात उभ्या. लेकीचं मनगट अजून माझ्या हातात होतं, लाल झालेलं. ती हळूच म्हणाली, "रोज असं पडतात?"

"नाही गं. आज तू हाक मारलीस म्हणून."

मग ती हसली आणि आणखी रडली.

घरात आल्यावर हे खाटेवर बसले. सदऱ्यावरची माती झटकत होते डाव्या हातानं. लेक दाराशी भिंतीला टेकून उभी होती, खांद्यावर पिशवी तशीच. मला म्हणाली, "आई, बाबांना झोप लागते का? जेवतात ना नीट? आता कसं करायचं, बाबांना काय वाटतं, यायचं आहे का त्यांना?"

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "मला काय विचारतेस? समोर बसलेत की."

ती ओशाळली. मग खाटेपुढे उकिडवी बसली. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. या तीन महिन्यांत तिनं त्यांना पहिला प्रश्न विचारला. "बाबा, कसं करायचं?"

यांचं तोंड हलू लागलं. ओठ पुढे आले, मागे गेले. आवाज नाही. कपाळावर शीर उभी राहिली. आणि इकडे माझ्या जिभेवर सगळं तयार होतं! ते नाही म्हणतायत. त्यांना इथंच राहायचंय. पट्टा द्यायचा नाही म्हणतायत. तीन महिने ज्या उत्तरासाठी घाम गाळला ते मी एका दमात सांगितलं असतं. मी जीभ दातांत धरली. चुलीतलं लाकूड उगीच हलवलं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, नदीवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, आणि हे शोधत होते. लेकही शहाणी, बघत राहिली, सुचवलं नाही काही.

"तू..." हे म्हणाले.

लेकीनं मान हलवली. थांबली.

"तू... राहा." मग डाव्या हाताची चार बोटं वर आली. "चार... दिवस."

मी पाठ फिरवून उभी राहिले. आपल्या घरी माहेरपणाला आलेल्या लेकीला बाप म्हणतो, तसं म्हणाले ते. हे माझ्या जिभेवर नव्हतं.

लेकीनं डोळे पुसले. खांद्यावरची पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "बरं बाबा."